चापाची ओढ

माझ्या आत्याच्या पायाला भिंगरी आहे हे आमच्या घरात सगळ्यांनाच माहीत होतं. ती भिंगरी बोटात शिरली, हे मात्र सगळ्यात आधी माझ्या लक्षात आलं, आणि तेही गिऱ्हाइकाच्या तक्रारीमुळे.

माझं केस कापायचं छोटं दुकान आहे. संध्याकाळी ड्यूटी संपली की आत्या तिथे येते. दोन खुर्च्या रिकाम्या असल्या तरी बसत नाही. इकडचा कंगवा तिकडे ठेवते, जमिनीवरचे केस झाडते, झाडलेले पुन्हा झाडते, खिडकीशी जाऊन रस्त्यावर कोण चाललंय ते बघते आणि परत येते. त्या आठवड्यात तिने पाण्याच्या फवाऱ्याची बाटली हातात घेतली आणि खाली ठेवायचं नावच काढेना. फुस्, फुस्, फुस्. गिऱ्हाइकाचे केस ओले झाले, मग मान, मग कॉलर. शेवटी त्या बाई म्हणाल्या, "अहो, मी केस कापायला आलेय, आंघोळ घालून घ्यायला नाही."

आत्या ओशाळली, पण बाटली सोडली नाही. भिंतीवर मारायला लागली.

आत्या एका मोठ्या लॉकरच्या इमारतीत पहारेकरी आहे. लोक आपल्या जिवापाड जपलेल्या वस्तू तिथल्या पोलादी कपाटांत ठेवतात आणि निश्चिंत होऊन घरी जातात, कारण दारात आत्या कमरेला हत्यार लावून उभी असते. सगळा जन्म तिने त्या दारात उभ्याने काढला. हत्यार चालवायची वेळ एकदाही आली नाही, याचा तिला अभिमान आहे आणि माझ्या मते थोडी हळहळही. आम्ही घरात त्याला पिस्तूल म्हणतो. ती दर वेळी सुधारते, "रिव्हॉल्व्हर." मग बाबा, म्हणजे तिचे थोरले भाऊ, म्हणतात, "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. हिला तर मिशांचीही गरज नाही." लग्न तिने केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणते, "उभ्या उभ्या कोण लग्न करतं?"

आता त्या बाटलीचं कारण. या पहारेकऱ्यांची दर वर्षी नेमबाजीची परीक्षा असते. रिव्हॉल्व्हरच्या मागे जो छोटा कान असतो तो घोडा, आणि बोटाखाली असतो तो चाप. घोडा अंगठ्याने आधीच मागे चढवून ठेवला तर चाप अगदी हलका होतो. पण परीक्षेत ते चालत नाही, कारण दरोडेखोर तेवढी सवड देत नाहीत. बोटाने एकाच ओढीत घोडा मागे न्यायचा, गोळ्यांचं चक्र फिरवायचं आणि गोळी सोडायची. या ओढीला पाच किलोचा जोर लागतो. पाच किलो बटाट्यांची पिशवी एका तर्जनीने उचलून बघा, आणि उचलताना हात अजिबात हलू देऊ नका. मग पुन्हा उचला. मग पुन्हा.

आत्याने ही पिशवी तरुणपणी हसत उचलली. पण आता तिच्या तर्जनीचा मधला सांधा लिंबाएवढा नसला तरी बोरासारखा सुजला होता. डॉक्टर म्हणाले, झीज आहे, बोटाला विश्रांती द्या.

"विश्रांती!" आत्या दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता म्हणाली. "ती द्यायला तर टपलेत सगळे."

कारण परीक्षेत नापास झालं की नोकरी जात नाही, पगारही कमी होत नाही. फक्त माणसाला दारातून उचलतात आणि तळघरात कॅमेऱ्यांच्या पडद्यांच्या खोलीत नेऊन बसवतात. भिंतभर पडदे, त्यांवर रिकामे जिने आणि बंद दारं, आणि समोर चाकांची मऊ खुर्ची. दिवसभर डोळ्यांत तेल घालून काहीही न होणं बघायचं. बाबांना यात वाईट काय ते कळेना.

"अगं, लोक खुर्चीसाठी एकमेकांचे पाय ओढतात. तुला आपणहून मिळतेय."

"मला बसवतील रे दादा," आत्या म्हणाली.

एवढंच म्हणाली, पण अशा आवाजात की बाबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. आत्याला बसलेली मी फक्त तापात पाहिली होती, आणि तेव्हा ती आत्या वाटत नव्हती.

मग घरात जे सुरू झालं त्याने आमच्या नाकी नऊ आले. आत्या दिसेल ते दाबत सुटली. बाबांच्या सायकलचे ब्रेक दाबले, माझं स्टेपलर दाबलं, जेवताना टेबलाखाली काहीतरी कट्कट् करायचं. कपडे वाळत घालायचे चिमटे तर तिने एकूण एक दाबून दाबून ढिले केले. त्यांच्या स्प्रिंगा गेल्या आणि आईची चादर वाऱ्याबरोबर खालच्या मजल्यावरच्यांच्या गॅलरीत जाऊन पडली. आई म्हणाली, "तुझं बोट नीट होईपर्यंत आमची अब्रू खाली लोंबकळणार." आत्या ती चादर आणायला गेली आणि त्यांच्या दाराची घंटा चार-पाचदा दाबून आली. तेवढाच सराव.

अस्वस्थपणा संसर्गजन्य असतो. मलाही रात्री झोप लागेना, दुकानात कात्री हातातून सटकायला लागली, आणि सगळा राग मी आत्यावर काढला. "होऊन जाऊ दे गं एकदा काय ते," मी म्हणायचे. ती माझ्याकडे न बघता स्टेपलर उचलायची.

या सगळ्यात आणखी एक माणूस होता, तो सांगायचा राहिला. छर्रेकाका. त्या इमारतीत जिन्याखाली जाळी लावलेली एक खोली आहे, तिला सगळे पिंजरा म्हणतात. हत्यारं तिथे असतात. सकाळी छोट्या खिडकीतून प्रत्येकाला त्याचं हत्यार द्यायचं, संध्याकाळी परत घ्यायचं, पुसायचं, तेल द्यायचं, बिघडलं तर दुरुस्त करायचं, हे छर्रेकाकांचं काम. बाहेर एक लाकडी बाक आहे. आपली पाळी येईपर्यंत बाकीचे पहारेकरी त्यावर टेकतात, आत्या तेवढी उभी राहते. काकांना छर्रे हे नाव पडलं ते बोलण्यावरून, कारण शब्द एकेक करून टपकतात. त्यांच्या तोंडात कायम दोन-तीन बारीक स्क्रू धरलेले असतात. बोलायचं म्हणजे आधी ते काढायला हवेत, आणि एवढी तसदी ते सहसा घेत नाहीत. सगळ्यांना अरे-तुरे करणारी आत्या त्यांनाही अरे-तुरे करते. ते मात्र इतकी वर्षं तिला 'बाई' आणि 'तुम्ही' म्हणत आलेत.

काका एकटेच राहतात, डोक्याला टक्कल आहे आणि दर आठवड्याला माझ्याकडे केस कापायला येतात. कानामागे चार केस आहेत, ते चारही मी मन लावून कापते. ते आरशात बघून विचारतात, "बाईंचं बोट?" मी सांगते. ते मान हलवतात आणि जातात. एवढ्यावरून न कळायला मी काही दूधखुळी नाही. पण आत्याला सांगायला गेले तर म्हणाली, "तो? त्याच्या तोंडात स्क्रू आहेत आणि डोक्यातही एखादा ढिला असेल."

परीक्षा तोंडावर आली तेव्हा दोघं एकाच वेळी माझ्या दुकानात सापडले. काका खुर्चीत, आत्या त्यांच्या मागे फवारा घेऊन.

काकांनी त्या दिवशी स्क्रू आणले नव्हते. बराच वेळ घसा साफ करून म्हणाले, "बाई, चापाची ओढ जड आहे तुमच्या. स्प्रिंगेचा एखादा वेढा कमी केला तर..."

"खबरदार!" फवाऱ्याची एक धार काकांच्या टकलावर आली. "चाप हलका म्हणजे घोडा हलका. घोडा जोरात आपटला नाही तर गोळी उडतच नाही. मग काय दारात कपड्यांचा चिमटा घेऊन उभी राहू? तीस वर्षं मी इथल्या नव्या पोरांना हेच शिकवलं, छर्रे. ओढ चापाची जास्त नाही झालेली. माझ्या बोटाची कमी झालीये."

"ओढ कमी होत नाही," काका म्हणाले. आत्याला नाही, आरशाला म्हणाले.

माझी कात्री थांबली. मी आत्याकडे पाहिलं. ती बाटलीचं तोंड उलटसुलट फिरवून बघत होती. मला तर दोघांच्याही डोक्यावर बाटली रिकामी करावीशी वाटली.

काका गेल्यावर मी आत्याला माझ्या हातातली कात्री दाखवली. "हे बघ. मी दिवसभर कात्री चालवते. तर्जनीने नाही. अंगठा आणि अनामिका कापतात, तर्जनी नुसती वर टेकून असते, रोख सांभाळते. तूही तर्जनी बाजूला सरळ ठेव, नेम दाखवायला. चाप मधल्या बोटाने ओढ."

"मधल्या बोटाने?" मी जणू तिला पायाने ओढायला सांगितलं होतं. "पोरं हसतील. ज्या बाईने सगळ्यांच्या तर्जन्या चापावर बसवल्या ती स्वतः..."

"सरळ बोटाने तूप निघालं नाही की बोट वाकडं करतात, हे तूच म्हणतेस ना?"

"बोट वाकडं करतात. बदलत नाहीत," ती म्हणाली आणि पुन्हा केस झाडायला लागली.

पण दुकानात तीन भिंतींना आरसे आहेत, हे ती विसरली असावी. दुसऱ्या दिवशी माझी पाठ तिच्याकडे असताना फुस् फुस् चाललेलं होतं, आणि समोरच्या आरशात मला दिसलं, की तर्जनी बाटलीच्या अंगावर सरळ निजलीये आणि मधलं बोट काम करतंय. मी कात्री चालूच ठेवली. आत्याला पकडलं की ती ते काम सोडून देते.

परीक्षेच्या दिवशी मी दुकान बंद ठेवून तिच्याबरोबर गेले. लांबलचक बंद शेड, पलीकडे मातीचा बांध, त्यापुढे माणसाच्या आकाराचे कागदी पुतळे आणि पुतळ्यांच्या छातीवर काळी चौकट. बघणाऱ्यांनी काचेमागे उभं राहायचं, कानांवर जाड टोप्या लावून. परीक्षक बाहेरून आलेले होते, गळ्यात शिट्टी आणि वेळेचं घड्याळ. काका एका टेबलाशी हत्यारांची पेटी घेऊन उभे होते. आत्याने आपलं रिव्हॉल्व्हर उचललं, नंबर पाहिला, पुढे गेली. दोन फेऱ्या होत्या, प्रत्येकीत सहा गोळ्या, आणि प्रत्येक फेरीत किमान पाच काळ्या चौकटीत लागायला हव्यात.

पहिल्या गोळीनंतर ती किंचित थांबली. पुतळ्याकडे नाही, आपल्या बोटाकडे पाहिलं. मग पटापट बाकीच्या. सगळ्या चौकटीत. तर्जनीनेच! ती वळली आणि काचेतून माझ्याकडे बघून अशी हसली, की तेवढ्यापुरती ती पंचविशीची दिसली. मला कान झाकलेले असूनही ऐकू आलं, "बघ! चिमट्यांनी काम केलं!" मी दोन्ही हात वर केले. आईच्या चादरीचं सार्थक झालं असं मला वाटलं. खरंच वाटलं.

दुसऱ्या फेरीत दोन गोळ्या नीट गेल्या. तिसरीला चाप ओढला, घोडा पडला, आणि हात उसळला नाही. आवाज मला नाहीच येणार, पण नळी जिथे होती तिथेच राहिली, ना वर गेली ना खाली. परीक्षकांच्या भुवया उंचावल्या. हे मला आत्यानेच कधीतरी सांगितलं होतं, की गोळी उडत नाही तेव्हाच नेमबाज उघडा पडतो. धक्क्याला भिणारा हात रिकाम्या गोळीवरही खाली झुकतो. आत्याचा हात तसूभर झुकला नव्हता.

पण आत्याचं हसू मावळलं होतं. तिने पुढे चाप ओढला नाही. हत्यार तसंच पुतळ्याकडे रोखून, मोकळा हात वर करून ती उभी राहिली. मग हळूच मान वळवून तिने टेबलाकडे पाहिलं. काका पुसलेलंच टेबल पुन्हा पुसत होते. त्यांच्या तोंडात स्क्रू होते, आणि मान खाली.

तिला कळलं, आणि तिच्या तोंडाकडे बघून मलाही कळलं. बोट तरुण झालं नव्हतं. स्प्रिंग ढिली केलेली होती.

आत्याने खरं सांगितलं तर काकांची नोकरी त्याच क्षणी गेली असती, कारण हत्याराशी असा खेळ कोणी माफ करत नाही. आणि गप्प बसली तर? पहिली फेरी झालीच होती, राहिलेल्या गोळ्याही त्या हलक्या चापावर गेल्या असत्या. मग उद्यापासून ती दारात उभी राहणार, कमरेला एक असं हत्यार लावून, जे वेळेला उडेलच असं नाही. परीक्षकांनी गोळ्या काढून हत्यार हातात घेतलं. मी एका कानावरची टोपी वर केली.

"काय झालं?" परीक्षकांनी विचारलं.

"स्प्रिंग थकलीय, साहेब," आत्या म्हणाली. "वय झालं तिचं. हे हत्यार बाजूला काढा. दुसरं द्या, मी पहिल्यापासून सुरू करते."

"पहिली फेरी मोजायला माझी हरकत नाही. हात तुमचा स्थिर आहे, मी पाहिलं."

"माझी हरकत आहे," आत्या म्हणाली.

काकांनी पेटीतून दुसरं रिव्हॉल्व्हर काढून दिलं. तिने एकदा रिकामा चाप ओढून पाहिला आणि चेहरा आखडला. पाच किलो. जुनी, खरी पिशवी. माझ्या मागे तिच्याच हाताखाली शिकलेली पोरं येऊन उभी राहिली होती. आत्याने ते पाहिलं. मग तिने सगळ्यांच्या देखत तर्जनी उचलली, हत्याराच्या अंगावर सरळ निजवली आणि मधलं बोट चापात घातलं.

मागे कोणीतरी खुदकन हसलं. मी वळून असं पाहिलं की तो पोरगा पुढचे सहा महिने तरी माझ्याकडे केस कापायला येणार नाही.

त्या दोन्ही फेऱ्या बघवत नव्हत्या. प्रत्येक ओढीला तिच्या मानेची शीर ताठ व्हायची, ओठ दाताखाली जायचा. पहिल्या फेरीत एक गोळी चौकटीच्या बाहेर खांद्यावर गेली. दुसऱ्या फेरीतही एक गेली, आणि शेवटच्या गोळीला तर चाप अर्ध्यावर अडकला. मी काचेमागे माझं मधलं बोट माझ्याच तळहातात रुतवत होते, जणू त्याने तिला मदत होणार होती. घोडा पडला. हात उसळला. परीक्षकांनी पुतळ्यापाशी जाऊन भोकं मोजली, परत मोजली आणि कागदावर सही केली.

"कोणत्या बोटाने ओढायचं ते नियमात लिहिलेलं नाही," ते जाता जाता म्हणाले.

जिवावर आलेलं बोटावर निभावलं. मी तिला मिठी मारायला धावले, तर ती माझ्या बाजूने सुसाट निघून गेली. टेबलाशी काका नव्हते. आत्या इमारतीच्या दिशेने अशी चालली की मला पळावं लागलं.

पिंजऱ्याला कुलूप होतं. काका बाहेरच्या बाकावर बसले होते, मांडीवर ते ढिलं रिव्हॉल्व्हर उघडून ठेवलेलं, आणि त्यात नवी कडक स्प्रिंग घालत होते.

"कधी केलंस?" आत्या म्हणाली.

काकांच्या तोंडात स्क्रू होते.

"मी नको म्हटलं होतं ना? टकलावर पाणी मारून नको म्हटलं होतं! उद्या दारात कोणी आलं असतं आणि हे फुसकं निघालं असतं तर? मेले असते मी, छर्रे! तुझ्या दयेने मेले असते!"

काकांनी मान हलवली. हातातली नवी स्प्रिंग वर करून दाखवली. आजच्या आज बदलणारच होतो, असं त्यांना म्हणायचं असावं. आत्याला त्याचं काही नव्हतं. ती बाकासमोर येरझाऱ्या घालत होती, दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे, आणि मधलं बोट अजूनही हवेत काहीतरी ओढत होतं.

"आणि वरून मी खोटं बोलले तुझ्यासाठी. का बोलले? मलाच माहीत नाही. माझा चाप हलका करायला बरा निघालास, आणि स्वतःचं तोंड एवढं जड! इतकी वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ त्या खिडकीत येतेय मी. एक वाक्य नाही! काढ ते स्क्रू. काढ म्हणते ना. आणि बोल काय ते."

मी तिथून जायला हवं होतं, पण जायला रस्ता त्या दोघांच्या मधूनच होता.

काकांनी एक स्क्रू काढला, तळहातावर ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. मूठ मिटली. त्यांचं तोंड रिकामं झाल्यावर लहान दिसायला लागलं.

"तू तळघरात गेली असतीस," ते म्हणाले, आणि 'तू' ऐकून आत्याच्या येरझाऱ्या थांबल्या. "तिथे हत्यार लागत नाही. मग तू माझ्या खिडकीशी कशाला आली असतीस?"

आत्या उभी राहिली. मी तिला इतकी वर्षं उभी पाहिली आहे, पण त्या उभं राहण्यात नेहमी कुठेतरी निघायची तयारी असायची. आता नव्हती. तिने आपल्या सुजलेल्या बोटाकडे पाहिलं, मग त्या मिटलेल्या मुठीकडे.

"सरक जरा," ती म्हणाली, आणि बाकावर बसली.